मागची चाकं बदलली आहेत, एझ्रा

एझ्रा,

तुझ्या सुतकाच्या सात दिवसांत मी एक शब्द बोलले नाही. घरभर माणसं होती. आरशांवर चादरी टाकलेल्या, मी खाली गादीवर बसलेली, आणि टोरांटोहून आलेली तुझी बहीण, शोशन्नाताई, येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगत होती की माझा भाऊ म्हणजे लाखात एक माणूस. सिनेगॉगमधली मंडळी गाड्या भरभरून आली. उकडलेली अंडी आली, डाळ-भात आला, कुणीतरी भल्या मोठ्या पातेल्यात कढी आणली. आणि प्रत्येकाकडे तुझी एकेक गोष्ट होती. एझ्रानं भर थंडीत येऊन आमची घर गरम ठेवणारी फर्नेस चालू करून दिली. एझ्राचे हात सोन्याचे. एझ्रा कधी कुणाला नाही म्हणाला नाही.

मला ‘नाही’ म्हणालास. लग्न झाल्यापासून म्हणत आलास. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी मान हलवत राहिले आणि लोकांना वाटलं, बिचारी खचलीय.

मी खचले नव्हते. चिडले होते. अजून चिडलेली आहे. तू ग्रोसरी आणायला गेलास, रांगेत उभा असताना खाली पडलास आणि परत आला नाहीस. मला फोन आला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी सवय मला माहीत होती. पण इतकं कुणी टाकत नाही. आता घर रिकामं आहे. मंडळी आपापल्या घरी गेली. आता माझी पाळी.

गाडीपासूनच सुरू करते, कारण तूही सगळं तिथूनच सुरू करायचास.

आपण ठाण्याहून आलो तेव्हा लीया माझ्या कडेवर होती. तुला टोरांटोजवळच्या केंब्रिजच्या कार प्लांटमध्ये मेंटेनन्सला काम मिळालं, मला दोन वर्षांनी ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मापं तपासायचं. दोघंही मेकॅनिकलचे, एकाच कॉलेजचे, आणि नंबर माझा वरचा होता, हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. त्या पहिल्या हिवाळ्यात तू मला गाडी शिकवलीस, ते आठवतं. मॉलच्या मागच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, बर्फावर. गाडी गोल गोल फिरायची, मी किंचाळायचे, आणि तू शेजारी बसून शांतपणे म्हणायचास, "स्टिअरिंग सोडू नकोस, ब्रेक दाबू नकोस, थांब, गाडीला तिचं तिचं सावरू दे." एकदाही आवाज चढवला नाहीस. मी आज इथल्या हिवाळ्यात निर्धास्त गाडी चालवते ती तुझ्यामुळे. हे मी नाकारत नाही. नाकारता आलं असतं तर सोपं झालं असतं.

मग तुला ती सापडली. एका शेतकऱ्याच्या बार्नमध्ये, गवताच्या गठ्ठ्यांमागे पडलेली, एकोणीसशे तीसच्या दशकातली दोन सीटांची जुनी गाडी. गाडी कसली, गंजलेला पत्रा. ना इंजिन, ना चाकं. तू ती ट्रेलरवर घालून आणलीस आणि गराजमध्ये ठेवलीस, आणि त्या दिवसापासून माझी गाडी ड्राइव्हवेत बर्फात उभी राहायला लागली. हॉट रॉड करणार म्हणालास. जुनी बॉडी, आत नवं दमदार इंजिन, गाडी जमिनीलगत खाली आणलेली, पुढे बारकी चाकं आणि मागे रुंद, धिप्पाड. शेजारच्या रस्त्यावरचा ग्लेन तुझा गुरू झाला. रिटायर्ड माणूस, आयुष्यभर हेच केलेला. तुम्ही दोघं तासन् तास बॉडीभोवती कॉफीचे मग घेऊन उभे असायचात, पाळण्याभोवती उभं राहावं तसे.

मला राग गाडीचा नव्हता. लोकांना असं वाटतं, लीयालाही वाटत होतं. पत्रा ठोकून तू ती मडगार्डं सरळ केलीस तेव्हा मी स्वतः हात फिरवून पाहिला होता, कुठे लाट लागत नव्हती. तुला सांगितलंही होतं. तू म्हणालास, "तुला काय कळतंय?" हसत म्हणालास. हसत म्हटलं की सगळं चालतं, असं तुला वाटायचं.

आता चाकांचं. हे मी तुला कितीदा सांगितलं, पण तू शेवटपर्यंत कधी ऐकून घेतलं नाहीस. आता उठून गराजमध्ये जाता येणार नाही तुला, तेव्हा ऐक.

उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो तिथे तू कुणाच्या तरी गाडीला ती चाकं पाहिलीस. मागची. खोल, चकचकीत रिम, रुंद टायर. तू गाडीच्या मागे उकिडवा बसलास आणि मला हाक मारलीस. "रिबी, बघ. मागून आपली गाडी अशी दिसली पाहिजे." मी विचारलं, "आपल्या मडगार्डात मावतील?" तू म्हणालास, "मावतील." मी विचारलं, "मापलंस?" तू डोळ्याकडे बोट दाखवलंस.

तुझी गाडी तेव्हा गराजमध्ये स्टँडवर होती. आत इंजिन नाही, काचा नाहीत, सीट नाही, पेट्रोलची टाकी नाही. नुसतं टरफल. मी म्हटलं, "एझ्रा, सगळं वजन आलं की गाडी स्प्रिंगांवर खाली बसणार. मडगार्ड टायरवर येणार. आधी गाडी जमिनीवर येऊ दे, वजन घाल, मग आत किती जागा आहे, बाहेर किती आहे ते माप, आणि मग चाक घे." साधी गोष्ट आहे. चपला घेताना पाय टेकवूनच बघतो माणूस. आणि रुंदीसुद्धा नुसती रिमची बघून चालत नाही, टायर बाजूला फुगतो. रिम ॲक्सलवर बसते ती जागा आतल्या कडेपासून किती दूर आहे, त्यावर चाक आत शिरणार की बाहेर येणार ते ठरतं. हे तुलाही येत होतं. आपण एकाच बाकावर शिकलो. तुला नको होतं एवढंच.

तू ग्लेनकडे बघून म्हणालास, "मॅडम इन्स्पेक्टर आल्या." आणि चाकं आणलीस.

स्टँडवर ती देखणी दिसली. मग मंदीचं वर्ष आलं, प्लांटमध्ये शिफ्टा कमी झाल्या, तुला वेळच वेळ मिळाला आणि गाडी पुरी झाली. शोशन्नाताईनं येऊन मलिदा केला. ताट तू बॉनेटवर ठेवलंस, गूळ-पोह्यांचं, वर खोबरं आणि फळं, आणि आपल्या संदेष्ट्याचं, एलियाहू हन्नबीचं, नाव घेऊन सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. मीही म्हटली. माझं मात्र लक्ष मागे होतं. गाडी जमिनीवर आली होती आणि टायर आणि मडगार्डाच्या कडेमध्ये माझी करंगळी जात नव्हती.

पहिल्या फेरीला तू मला घेऊन निघालास. कोपऱ्यावरचा खड्डा आला आणि मागून आवाज आला, खर्र. मी तुझ्याकडे पाहिलं. तू समोर पाहत राहिलास. घरी आल्यावर ग्लेननं विचारलं, कशी चालली? आणि तू माझ्यासमोर, लीयासमोर म्हणालास, "मस्त. फक्त ही बसली की घासते."

ग्लेन हसला नाही. लीया हसली, ती पंधरा वर्षांची होती. मी आत गेले. त्यानंतर मी त्या गाडीत पाय ठेवला नाही आणि तुला त्याचं कारण कधी विचारावंसं वाटलं नाही.

तू काय केलंस? हातोडा घेतलास आणि मडगार्डाची कड आतून ठोकून वर वळवलीस. माणूस एकटा बसला की घासत नव्हतं. तेवढ्यावर तू समाधानी. मी म्हटलं, "कड ठोकून काय होतंय? चाक बदल." तू म्हणालास, "ह्या चाकांसाठीच तर गाडी आहे." वळवलेल्या कडेला धार आली होती. माझ्या बोटाला लागली, मी तुला रक्त दाखवलं. तू बँडेड आणून दिलंस. कड तशीच ठेवलीस.

मग माझ्याऐवजी लीया बसायला लागली. ती हलकी. पोहायची रोज, अंगावर मांस नव्हतं.

त्या रविवारी तुम्ही दोघं मेळ्याला निघालात. डिकीत दोन घडीच्या खुर्च्या, बर्फाचा डबा, पाण्याच्या बाटल्या, तुझी हत्यारांची पेटी. मी खिडकीतून पाहिलं, गाडी मागून बसली होती. मी बाहेर आले आणि म्हणाले, "हत्यारं तरी काढ." तू हात केलास. टाटा केल्यासारखा.

रेल्वेचे रूळ ओलांडताना टायर फुटला. गाडी रस्ता सोडून नाल्यात गेली. तुला खरचटलं. लीयाचं कोपर दारावर आपटून तीन ठिकाणी मोडलं.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा तू कॉरिडॉरमध्ये उभा होतास, शर्टावर तिचं रक्त. माझ्या तोंडून प्रश्न निघायच्या आत म्हणालास, "रस्त्यावर पत्रा पडला होता." पोलिसालाही तेच सांगितलंस. शोशन्नाताईला फोनवर तेच. आणि पुढच्या शनिवारी, शब्बाथला, एझ्रा, संकटातून वाचलेला माणूस जी प्रार्थना म्हणतो ती म्हणायला तू सिनेगॉगमध्ये पुढे गेलास, सेफेर, आपला धर्मग्रंथ, उघडलेला होता, आणि नंतर चहा घेताना सगळ्यांना सांगितलंस की रस्त्यावर पत्रा होता, पण देवाची कृपा, स्टिअरिंग हातातून सुटू दिलं नाही. बायकांनी माझे हात हातात घेतले. नशीबवान आहेस म्हणाल्या.

मी तोवर टायर पाहून आले होते. टो करून आणलेल्या गाड्यांच्या आवारात, कामावरून परस्पर गेले. फुटलेला टायर अजून रिमवर होता. आतल्या-बाहेरच्या दोन्ही बाजूंना हात फिरवला. बाहेरच्या बाजूला चीर होती, एका जागी नव्हे, सगळ्या टायरभर गोल. कुणीतरी कंपास धरून आखावी तशी. मडगार्डाच्या कडेवर काळं रबर चोळलेलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुला विचारलं.

"टायरला गोल चीर आहे, एझ्रा."

"पत्र्यानं कापला."

"पत्रा एका जागी कापतो. गोल कापत नाही."

"तू होतीस का तिथे?"

"मी टायर पाहिला."

"तू होतीस का तिथे, रिबका?"

पूर्ण नाव घेतलंस म्हणजे विषय बंद, हे मला कळायला हवं असं तुला वाटायचं. विषय मी बंद केला नाही. पुढच्या महिन्यात काढला, पासोव्हरच्या सणाआधी काढला, तुझ्या वाढदिवसाच्या दिवशी काढला. तू दर वेळी तेच विचारलंस. मी नव्हते तिथे. कशी असणार? मी बसले की घासतं ना.

लीयाचं कोपर पुरतं सरळ झालं नाही. ती पोहणं सोडून देताना रडली नाही, गॉगल आणि टोपी एका पिशवीत घालून बेसमेंटमध्ये ठेवून आली. तू तिला दर आठवड्याला फिजिओला नेत होतास, एकदाही चुकवलं नाहीस, शिफ्ट बदलून घेऊन, बर्फाच्या वादळातसुद्धा. ती आत असायची तोवर तू बाहेर बसून कॉफीही घ्यायचा नाहीस, असं तिनं सांगितलं. मी हेही नाकारत नाही. पण त्याच वर्षी तू नवं मडगार्ड बनवलंस, गाडी उभी केलीस आणि मागे पुन्हा तीच चाकं चढवलीस. त्याच मापाचे टायर. मी गराजच्या दारातून पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर तू लीयाला त्या गाडीत कधी बसवलं नाहीस. मला वाटलं, घाबरलास. घाबरलास पण कबूल करणार नाहीस.

आता तू गेल्यानंतरचं सांगते. तुला माहीत नसलेलं असं काही पहिल्यांदाच माझ्याकडे आहे.

त्या सात दिवसांत लीयानं सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगितली. पत्र्याची. पापांनी स्टिअरिंग कसं घट्ट धरून ठेवलं त्याची. इथून तासाभरावरच्या लंडनहून, युनिव्हर्सिटीची परीक्षा अर्धवट टाकून आली होती ती. मंडळी डोळे पुसत होती. मी उठून वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मंडळी गेल्यावर तिनं मला विचारलं, गाडीची किल्ली कुठाय. जूनच्या मेळ्यात ग्लेन तुझी जागा मोकळी ठेवणार होता आणि तिला गाडी घेऊन जायचं होतं. स्वतः चालवत. त्या चाकांवर.

मी नाही म्हटलं. किल्ली मी तांदळाच्या डब्यात घातली होती.

"मॉम, इट्स हिज कार."

"होती."

"यू हेटेड दॅट कार. यू वेअर जेलस ऑफ अ कार."

ती एवढं बोलली आणि तुझ्यासारखीच उठून गराजमध्ये निघून गेली. मी तिच्या मागे गेले. तिला सांगायचं ठरवलं. तुझं नाव जपण्यासाठी गप्प राहून मी तिला त्या गाडीत बसू देणार नव्हते. जपायचं होतं तर तू जपायचं होतंस.

जॅक लावला. चाक काढलं. दिवा धरून तिला नवं मडगार्ड दाखवलं, त्याच्याही आतल्या बाजूला घासल्याची काळी रेघ होती, तू एकट्यानं चालवूनसुद्धा. मी म्हटलं, "लीया, पत्रा नव्हता."

ती उलट्या बादलीवर बसली. म्हणाली, "आय नो."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

मग तिनं मराठीत सांगितलं. ती माझ्याशी मराठी क्वचित बोलते, एझ्रा, तुला माहीत आहे, तुझ्याशीच बोलायची. म्हणाली, "रूळ यायच्या आधीपासून आवाज येत होता. मी पापांना म्हटलं, स्लो डाउन. ते म्हणाले, काही नाही होत." मग हॉस्पिटलमध्ये, मी पोचायच्या आधी, तू तिच्या पलंगाची दांडी धरून रडलास. "चाक माझं चुकलं," म्हणालास. "आईनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला माफ कर." आणि मग तिला सांगितलंस, "आईला नको सांगूस."

मी विचारलं, "का?"

"ही वॉज स्केअर्ड ऑफ यू, मॉम."

आपल्या गराजमध्ये हीटर नाही. मे महिना होता तरी माझे हात गारठले होते. मी चाकावर बसले, तुझ्या त्या लाडक्या चाकावर, आडवं पाडून.

मला घाबरायचास? मला, जिच्यावर तू शेजाऱ्यासमोर विनोद केलेस? मी टायरची चीर दाखवत होते, महिनोन् महिने, आणि तुला ती आधीच ठाऊक होती. तू मला वेडी ठरवलंस. पोरीचं कोपर मोडलंसच, वर तिला एक खोटं सांभाळायला दिलंस, सोळाव्या वर्षी, आणि ते तिनं तुझ्या सुतकात भरल्या घरात पुन्हा एकदा सांभाळलं. तू मेलास तरी तिनं तुला दिलेला शब्द मोडला नव्हता. मी तिला विचारलं, आता का सांगितलंस? ती म्हणाली, "कारण तू एकटीच खरं बोलत होतीस आणि सगळे तुझ्यावर दया करत होते. आय कुडन्ट वॉच इट."

तू तिच्याकडे माफी मागितलीस. हे कळल्यावर माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, खरं सांगते. मी इतकी वर्षं धरून चालले होते की तुला आतसुद्धा काही वाटत नाही. तुला वाटत होतं. तू पोरीसमोर वाकलास, आणि आधी तिच्यासमोर वाकलास ते बरोबरच केलंस, कोपर तिचं होतं. पण मग माझ्याकडे का आला नाहीस? मी पलीकडच्याच उशीवर होते. मी काय केलं असतं? ओरडले असते. चार दिवस बोलले नसते. पाचव्या दिवशी चहा टाकला असता. तू मला ते चार दिवस दिले नाहीस आणि तीन वर्षं खाऊन टाकलीस. ह्यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. करायचा प्रयत्नही करत नाहीये, शोशन्नाताई काहीही म्हणो.

किल्ली मी तिला दिली. एका अटीवर.

पुढचे दोन आठवडे ती लंडनला गेली नाही. आम्ही दोघींनी मागची चाकं पुन्हा पहिल्यापासून धरली. स्प्रिंगा काढल्या. मी प्लायवूडचा टायरएवढा गोल कापला आणि चाकाच्या जागी बोल्टनं बसवला, आणि लीयानं जॅकनं ॲक्सल वर-खाली करून बघितलं की खड्ड्यात तो मडगार्डाला कुठे लागतो. आत चेसिसपर्यंत किती जागा, बाहेर कडेपर्यंत किती. मग स्प्रिंगा परत घालून सीटवर आणि डिकीत हिवाळ्यातल्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या, दोन बायका आणि त्यांचं सामान एवढं वजन, आणि सगळं पुन्हा मापलं. ती आकडे सांगायची, मी गराजच्या भिंतीवर खडूनं लिहायचे. एकदा ती म्हणाली, "धिस इज अ‍ॅक्च्युअली फन." तू असतास तर तूही रमला असतास. पहिल्याच दिवशी असं तिघांनी बसून केलं असतं तर काय बिघडलं असतं, हा विचार आला आणि मी वाळूची पिशवी इतक्या जोरात आपटली की ती फुटली.

ग्लेन आला. दारात उभा राहून त्यानं भिंतीवरचे आकडे वाचले, टोपी काढली आणि सांगितलं की त्यानंही तुला एकदा हटकलं होतं, चाकं दोन इंचांनी जास्त रुंद आहेत म्हणून, आणि तू त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हतास. मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी त्याला जेवायला ठेवून घेतलं. म्हणजे मी एकटीच नव्हते. त्याच्या ओळखीत एकाकडे आमच्या मापाच्या जवळ जाणाऱ्या रिमा होत्या, अरुंद, साध्या, जरा जुन्या. त्या आत नीट शिरत होत्या. टायर मी निवडला, बाजूनं कमी फुगणारा. चढवला, गाडी खाली घेतली. आता माझी अख्खी बोटं जात होती मध्ये, चारही.

तुझी चाकं विकली नाहीत. पुसून बेसमेंटमध्ये ठेवली आहेत, लीयानं ठेवायला सांगितली म्हणून. माझ्यावर असतं तर फेकली असती.

मेळ्याच्या दिवशी लीयानं गाडी चालवली. उजवं कोपर तिचं सरळ होत नाही, म्हणून सीट एवढी पुढे घेतलेली की गुडघे डॅशबोर्डला लागत होते. मी शेजारी बसले. जाताना आम्ही दोघीही कान मागे लावून बसलो होतो. इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता. अर्ध्या वाटेत तिनं रेडिओ लावला, इतकंच.

पार्किंगमध्ये ग्लेननं खुर्ची ठेवून तुझी जागा अडवून धरली होती. लोक जमले. बरेच तुला ओळखणारे होते, माझ्याशी हात मिळवून सॉरी म्हणत होते, मग गाडीभोवती फिरत होते. ग्लेन मागे जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. खूप वेळ पाहत राहिला.

"आता नीट बसलीत," म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "पण एक सांगू का? एझ्राची दिसायला भारी होती."

लीयानं घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी चाललेच होते काहीतरी बोलायला. मग मी गाडीच्या मागे गेले, तुझे सगळे मित्र उभे होते तिथे, आणि मागून गाडी नीट पाहिली. पाठ रुंद, टायर अरुंद. मोठ्या माणसानं लहान बूट घातल्यासारखी दिसत होती.

"हो," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दिसायला त्याचीच चांगली होती. ते त्याचं बरोबर होतं."

बघ एझ्रा. एवढंच असतं ते. म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागत नाही.